७.६२ की ५.५६? एकाच सैन्यात इतकी वेगवेगळी काडतुसं का?

समजा, नियंत्रण रेषेजवळच्या एका चौकीत दोन जवान शेजारी शेजारी आहेत. एकाच्या हातात अमेरिकन बनावटीची सिग ७१६, दुसऱ्याच्या हातात अमेठीत तयार झालेली एके-२०३. दोन्ही रायफली ‘७.६२’ च्या. पहिल्याच्या गोळ्या संपल्या आणि दुसऱ्याने आपलं मॅगझीन पुढे केलं, तर?

काहीच उपयोग नाही. मॅगझीन तर बसणारच नाही, पण त्यातलं एकेक काडतूस काढून हातात दिलं तरी ते त्या रायफलीत चालणार नाही. दोघांच्या गोळीची जाडी जवळपास सारखी, नावातला आकडा तोच, तरी काडतूस वेगळं. आणि तिसऱ्या जवानाकडे जुनी इन्सास असेल, तर त्याचं काडतूस या दोघांपेक्षा निराळं.

नव्या रायफलीचा व्हिडिओ आला की खाली कमेंट ठरलेली असते: ‘५.५६ फक्त जखमी करते, ७.६२ डायरेक्ट ठार करते. आता शत्रूची खैर नाही.’ गोष्ट इतकी सोपी असती तर अमेरिका, रशिया, चीन यांनी लहान काडतुसं इतकी वर्षं वापरलीच नसती. भारतानेही १९९० च्या दशकात मोठं काडतूस सोडून लहान घेतलं नसतं, आणि पंचवीस वर्षांनी पुन्हा मोठ्याकडे वळलं नसतं.

मग नेमकी भानगड काय आहे?

आधी नाव वाचायला शिकूया

काडतुसाचे चार भाग. पुढे असते ती गोळी, म्हणजे नळीतून बाहेर पडणारा भाग. तिच्यामागे पितळेची पुंगळी, पुंगळीत भरलेली दारू आणि तळाशी ठिणगी पाडणारी टोपी. बातम्यांमध्ये ‘घटनास्थळी रिकाम्या पुंगळ्या सापडल्या’ असं येतं, ते हेच.

काडतुसाच्या नावात दोन आकडे असतात. ७.६२ × ३९ म्हणजे गोळीची जाडी ७.६२ मिलिमीटर आणि पुंगळीची लांबी ३९ मिलिमीटर. ७.६२ × ५१ मध्ये जाडी तीच, पण पुंगळी ५१ मिलिमीटर. पुंगळी लांब म्हणजे दारू जास्त, आणि दारू जास्त म्हणजे जोर जास्त. बातमीत बहुतेकदा पहिलाच आकडा छापतात आणि दुसरा गाळतात. खरी गंमत त्या दुसऱ्या आकड्यात आहे.

एके-४७ आणि एके-२०३ चं काडतूस ७.६२ × ३९. सिग ७१६ चं ७.६२ × ५१. भारतीय सैन्यात वर्षानुवर्षं असलेल्या ड्रॅगुनोव्ह रायफलीचं काडतूस ७.६२ × ५४, म्हणजे तिसरंच. इन्सासचं ५.५६ × ४५.

आता ताकद बघू. ५.५६ ची गोळी साधारण ४ ग्रॅमची, पण सेकंदाला ९०० मीटरहून जास्त वेगाने निघते. एकेची गोळी जवळपास ८ ग्रॅमची, वेग ७०० मीटरच्या थोडा वर. ७.६२ × ५१ ची गोळी साडेनऊ ग्रॅमची आणि वेग ८४० मीटरच्या आसपास. नळीतून बाहेर पडताना या तिघींची ऊर्जा अंदाजे १७००, २००० आणि ३३०० ज्यूल भरते.

म्हणजे एकेची ‘७.६२’ ही सिगच्या ‘७.६२’ पेक्षा इन्सासच्या ५.५६ ला जास्त जवळची आहे. कमेंटमधला अर्धा वाद इथेच संपतो.

मग सरळ सगळ्यात ताकदवान काडतूसच का घेऊ नये?

कारण ते जवानाला पाठीवर वाहायचं असतं.

५.५६ चं अख्खं काडतूस साधारण १२ ग्रॅम भरतं. एकेचं १६-१७ ग्रॅम. ७.६२ × ५१ चं २४ ग्रॅमच्या आसपास. मॅगझीनचं वजन बाजूला ठेवून पाच किलो काडतुसं घ्यायची म्हटली, तर ५.५६ ची चारशे येतात, एकेची तीनशे आणि ७.६२ × ५१ ची जेमतेम दोनशे.

मैदानात हा फरक कागदावरचा वाटेल. कारगिल किंवा सियाचिनच्या उंचीवर, जिथे चार पावलं टाकली तरी धाप लागते, तिथे पाच किलो म्हणजे किती हे गिर्यारोहकांना विचारावं. जवानाकडे त्याशिवाय रायफल, बुलेटप्रूफ जॅकेट, हातबॉम्ब, पाणी, खाणं, रेडिओची बॅटरी आणि गरम कपडे असतात. शिवाय चकमकीतल्या बऱ्याच गोळ्या शत्रूला लागाव्यात म्हणून झाडलेल्याच नसतात. शत्रूने डोकं वर काढू नये आणि तेवढ्यात आपल्या साथीदाराला पुढे सरकता यावं, म्हणून त्या झाडतात. या कामाला गोळी किती जबर आहे यापेक्षा गोळ्या किती शिल्लक आहेत हे महत्त्वाचं ठरतं.

दुसरी अडचण झटक्याची. जितकी ताकद पुढे जाते, तितका धक्का खांद्याला मागे बसतो. ७.६२ × ५१ ची रायफल ऑटोमॅटिकवर टाकली की पहिली गोळी निशाण्यावर आणि पुढच्या आभाळात, अशी गत होते. एकेक गोळी झाडतानाही नेम पुन्हा धरायला वेळ लागतो. मुरलेला नेमबाज हे सांभाळून घेतो. पण रायफल निवडायची असते ती लाखो जवानांसाठी, ज्यांना वर्षाकाठी सरावाला मोजक्याच गोळ्या मिळतात.

मुंबईकरांना याचं एक उदाहरण ठाऊक आहे. २६/११ च्या रात्री सीएसटी स्थानकावर काही पोलिसांच्या हातात जुन्या .३०३ रायफली होत्या. .३०३ च्या गोळीची ताकद एके-४७ च्या गोळीच्या जवळपास दीडपट असते. कागदावर पाहिलं तर पोलिसांकडे ‘मोठी गोळी’ होती. पण प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट ओढायचा, आणि समोर ३० गोळ्यांच्या मॅगझीनची ऑटोमॅटिक रायफल. त्या रात्री ज्यूलचा हिशेब कुणाच्या कामी आला नाही.

अमेरिकेने सगळ्यांना जे घ्यायला लावलं, ते स्वतःच सोडलं

या वादाचं मूळ दुसऱ्या महायुद्धात आहे. तोवर बहुतेक देशांच्या रायफली हजार मीटरच्या हिशेबाने बनवलेल्या. प्रत्यक्षात मात्र पायदळाच्या चकमकी तीनशे-चारशे मीटरच्या आतच होत होत्या. हे आधी जर्मनीने ओळखलं आणि नेहमीच्या काडतुसाची पुंगळी आखूड करून मधल्या ताकदीचं काडतूस काढलं. त्यावर चालणारी एसटीजी-४४ ही आजच्या असॉल्ट रायफलींची आजी. सोव्हिएत रशियाने याच विचाराने ७.६२ × ३९ तयार केलं आणि कलाश्निकोव्हची एके-४७ त्याच काडतुसावर आली.

ब्रिटनही त्याच वाटेवर होतं. त्यांनी .२८० नावाचं मध्यम काडतूस तयार केलं आणि १९५१ मध्ये त्यावरची ईएम-२ रायफल स्वीकारलीसुद्धा. पण नाटोच्या सगळ्या देशांनी एकच काडतूस वापरायचं असं ठरत होतं आणि अमेरिकेला जुन्या ताकदीचंच काडतूस हवं होतं. ब्रिटनमध्ये सत्ता बदलली, चर्चिल पंतप्रधान झाले आणि दोस्तांशी जुळवून घ्यायचं म्हणून ईएम-२ बाजूला ठेवण्यात आली. १९५४ मध्ये ७.६२ × ५१ हे नाटोचं प्रमाण काडतूस झालं.

याच सुमारास खुद्द अमेरिकी लष्करासाठी झालेल्या एका अभ्यासाचा निष्कर्ष उलटा होता. १९५२ चा हा अहवाल नॉर्मन हिचमन यांचा. रायफलीने केलेले बहुतेक परिणामकारक वार ३०० यार्डांच्या आतच होतात, त्यापुढे नेम झपाट्याने ढासळतो, तेव्हा लहान आणि सौम्य झटक्याचं काडतूस जास्त उपयोगी पडेल, असं त्यात म्हटलं होतं. अहवाल आला, पण निर्णय ७.६२ × ५१ चाच झाला. सरकारी अहवालांचं नशीब सगळीकडे सारखंच.

मग आलं व्हिएतनाम. जंगलात लांब, जड एम-१४ घेऊन फिरणाऱ्या अमेरिकी सैनिकासमोर एके-४७ वाला उभा होता. काही वर्षांतच अमेरिकेने ५.५६ च्या एम-१६ कडे उडी मारली. ज्या देशाने दोस्तांना मोठं काडतूस घ्यायला लावलं, तोच सगळ्यात आधी लहान काडतुसाकडे गेला. १९८० मध्ये ५.५६ नाटोचंही प्रमाण काडतूस झालं. रशियानेही १९७४ च्या एके-७४ बरोबर ५.४५ × ३९ हे लहान काडतूस आणलं. चीन पुढे ५.८ × ४२ वर गेला.

व्हिएतनाममधला एक धडा मात्र ‘मोठं की लहान’ या वादात हरवून जातो. सुरुवातीच्या एम-१६ भर चकमकीत अडकायच्या आणि सैनिक अडकलेल्या रायफलीसह मारले गेले. १९६७ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीने याची चौकशी केली. जी कारणं पुढे आली त्यातलं मोठं कारण काडतुसातली दारू बदलल्याचं होतं. रायफल एका प्रकारच्या दारूवर तपासली आणि पुरवली दुसऱ्या प्रकारची. भरीला नळीच्या आतल्या भागाला क्रोमचा मुलामा नव्हता आणि सफाईचं साहित्य पुरेसं दिलेलं नव्हतं. काडतुसाची मापं तीच, फक्त आतली भुकटी वेगळी, आणि तेवढ्याने माणसं गेली.

‘५.५६ जखमी करण्यासाठीच बनवली’ हे कितपत खरं?

हा मेसेज तुम्हीही वाचला असेल: शत्रूचा एक सैनिक मेला तर एकच कमी होतो, जखमी झाला तर त्याला उचलायला दोघं लागतात, म्हणून ५.५६ मुद्दाम जखमी करणारी बनवली. ऐकायला चलाख वाटतं. पण ५.५६ च्या निवडीमागची नोंदलेली कारणं वजन, झटका आणि नेम हीच आहेत. कुठलंही सैन्य समोरच्याला ‘थोडंसं’ लागावं म्हणून रायफल घेत नाही, कारण जखमी माणूसही ट्रिगर दाबू शकतो.

या मेसेजला थोडा आधार आहे तो वेगळ्याच गोष्टीचा. ५.५६ ची हलकी गोळी जोरात असते तेव्हा शरीरात शिरल्यावर आडवी होते आणि तुटते. त्यामुळे तिची जखम गोळीच्या आकाराच्या मानाने मोठी होते. पण वेग कमी झाला की ती तुटत नाही, सरळ आरपार जाते. अंतर जास्त असेल किंवा रायफलीची नळी आखूड असेल तर वेग कमी पडतो. १९९३ च्या मोगादिशूपासून पुढे अफगाणिस्तानपर्यंत ‘गोळी लागली तरी समोरचा पडत नाही’ अशा तक्रारी अमेरिकी सैनिकांकडून आल्या, त्याचा संबंध इथे येतो. म्हणजे ५.५६ ‘कमजोर’ आहे का, याचं उत्तर किती अंतरावरून, किती लांब नळीतून आणि कुठल्या बनावटीची गोळी, हे विचारल्याशिवाय देता येत नाही.

भारताचा प्रवास: .३०३ ते इन्सास

१९६२ च्या चीन युद्धात भारतीय जवानांच्या हाती .३०३ होती. त्यानंतर ७.६२ × ५१ ची एसएलआर आली. इशापूरच्या कारखान्यात बनलेली ही रायफल लांब आणि जड, पण भरवशाची. पुढची पंचवीसेक वर्षं तिने काढली. जुन्या जवानांशी बोललं तर अजूनही तिचं कौतुक ऐकू येतं.

धक्का बसला श्रीलंकेत. १९८७ मध्ये शांतिसेना तिथे गेली तेव्हा आपल्या जवानांकडे एकेक गोळी झाडणारी, २० गोळ्यांची एसएलआर होती आणि एलटीटीईकडे एके-४७. झाडीत, गल्लीबोळात, पन्नास-शंभर मीटरवर एसएलआरची सहाशे मीटरची ताकद वाया जात होती. पाठोपाठ काश्मीर पेटलं. भारताने पूर्व युरोपातून मोठ्या संख्येने एके घेतल्या आणि दहशतवादविरोधी तुकड्यांचा जीव त्या रायफलीवर जडला, तो अजून सुटलेला नाही.

नेहमीच्या सैन्यासाठी मात्र देशी रायफल बनत होती. पुण्यात पाषाणला असलेल्या संरक्षण संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळेने, म्हणजे एआरडीईने, इन्सासचा आराखडा केला. काडतूस निवडलं जगाच्या चालीप्रमाणे ५.५६ × ४५. १९९० च्या दशकात ती सैन्यात आली आणि १९९९ ला थेट कारगिलच्या बर्फात गेली.

तिथे काय झालं ते सर्वांना माहीत आहे. थंडीत प्लास्टिकची मॅगझीन तडकली, रायफल अडकली, तेल तोंडावर उडाल्याच्या तक्रारी आल्या. इन्सासचं नाव खराब झालं ते कायमचं. पण यात एक गल्लत झाली, आणि ती आजही होते. तडकलं ते मॅगझीन, अडकली ती यंत्रणा. त्याची शिक्षा मिळाली काडतुसाला. ‘इन्सास फसली’ याचं हळूहळू ‘५.५६ फसली’ असं झालं. चांगल्या रायफलीतून झाडलेली ५.५६ भारतीय पायदळाला आवडली असती की नाही, याची मोठ्या प्रमाणावर परीक्षा कधी झालीच नाही. इस्रायली टॅव्होर ५.५६ चीच, आणि ती आपल्या विशेष दलांनी वापरली, पण ती संख्या फार लहान.

दोन्ही हवं, म्हणून काहीच नाही

२०११ मध्ये लष्कराने एक वेगळाच पर्याय शोधला. नळी बदलता येईल अशी रायफल. एका नळीने सीमेवर ५.५६ झाडायची, दुसरी बसवली की काश्मीरमध्ये एकेचं काडतूस. कल्पना आकर्षक होती. परदेशी कंपन्यांच्या चाचण्या झाल्या, वर्षं गेली आणि २०१५ मध्ये ती निविदाच रद्द झाली. एकाच रायफलीकडून दोन काडतुसांची कामं मागितली की ती महाग होते, तिचे सुटे भाग वाढतात आणि ‘आपल्याला नेमकं काय हवंय’ हा प्रश्न फक्त पुढे ढकलला जातो. मधल्या काळात जवानाच्या हातात इन्सासच राहिली.

२०१६ च्या सुमारास लष्कराने ७.६२ × ५१ च्या बाजूने कौल दिला. कारण स्पष्ट होतं. नियंत्रण रेषेवर आणि चीन सीमेवर एका कड्यावरून दुसऱ्या कड्यावर गोळीबार होतो, अंतरं पाचशे-सहाशे मीटरची असतात. पाकिस्तानचं पायदळही याच काडतुसाची जी-३ रायफल बाळगून आहे. त्यात बुलेटप्रूफ जॅकेट सगळीकडे आलीत. अशा ठिकाणी ५.५६ चा जोर ओसरतो.

फेब्रुवारी २०१९ मध्ये ७२,४०० सिग ७१६ रायफलींचा करार झाला. त्यातल्या ६६,४०० लष्कराला, बाकीच्या हवाई दल आणि नौदलाला. ऑगस्ट २०२४ मध्ये आणखी ७३ हजारांची मागणी नोंदवली गेली. पण या रायफली आघाडीच्या पायदळापुरत्या. उरलेल्या प्रचंड सैन्यासाठी डिसेंबर २०२१ मध्ये रशियाबरोबर एके-२०३ चा करार झाला, ६,०१,४२७ रायफलींचा. त्या उत्तर प्रदेशातल्या अमेठी जिल्ह्यात, कोरवा इथे बनतात. जुलै २०२४ पर्यंत त्यातल्या ३५ हजार लष्कराला मिळाल्या होत्या. सरकारनेच या रायफलीची परिणामकारक पल्ला ३०० मीटर सांगितली आहे. मजा म्हणजे रशियाचं स्वतःचं सैन्य आज मुख्यतः ५.४५ वर चालतं. एके-१२ ही त्यांची नवी रायफल त्याच काडतुसाची.

म्हणजे भारताने एका प्रश्नाची दोन उत्तरं दिली. लांब पल्ल्यासाठी एक काडतूस, जवळच्या लढाईसाठी दुसरं.

हे चूक आहे का? लढाईच्या जागा पाहिल्या तर नाही. लडाखच्या कड्यावर एकेची गोळी तीनशे मीटरपुढे भराभर खाली येते, तिथे तिच्यावर विसंबणं अवघड. उलट काश्मीरमधल्या गावात, घराला वेढा घातलेला असताना, ७.६२ × ५१ ची गोळी भिंत फोडून शेजारच्या खोलीत, कधी शेजारच्या घरात जाऊ शकते. तिथे माणसं राहतात. गडचिरोलीच्या जंगलात सी-६० च्या जवानाला समोरची झाडी पन्नास मीटरपुढे दिसतच नाही. या तिन्ही ठिकाणी चालेल असं एक काडतूस जगात कुणाकडेच नाही.

किंमत कुठे मोजावी लागते?

ती मोजावी लागते कारखान्यात, गोदामात आणि ट्रकमध्ये.

जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावचा आयुध निर्माणी कारखाना आणि पुण्यात खडकीचा दारूगोळा कारखाना हे लहान शस्त्रांच्या काडतुसांसाठी ओळखले जातात. २०२१ च्या पुनर्रचनेनंतर दोन्ही म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीत आले आणि तिचं मुख्यालयही पुण्यातच आहे. प्रत्येक वेगळ्या काडतुसाला वेगळे साचे, वेगळी यंत्रं, वेगळी तपासणी लागते. सरावाच्या गोळ्या वेगळ्या, युद्धासाठीचा राखीव साठा वेगळा. एक काडतूस वाढलं की ही सगळी साखळी आणखी एकदा उभी करावी लागते. युद्धात डोंगरावर चुकीची पेटी पोहोचली, तर खाली उतरून बदलून आणायला वेळ नसतो. लेखाच्या सुरुवातीचे ते दोन जवान आठवा.

लष्कराने काही गोष्टी जुळवल्या आहेत, हेही खरं. २०२० मध्ये इस्रायलकडून १६,४७९ नेगेव्ह हलक्या मशीनगनचा करार झाला, त्या ७.६२ × ५१ च्याच. म्हणजे सिगवाला जवान आणि त्याच्या तुकडीतली मशीनगन एकाच काडतुसावर आली. पण त्याच वेळी ५.५६ कुठेही गेलेली नाही. इन्सास अजून लाखोंच्या संख्येने वापरात आहे, आणि लष्कराला जवळच्या लढाईसाठी हव्या असलेल्या सव्वाचार लाख कार्बाइनही ५.५६ × ४५ च्याच आहेत. २०२५ मध्ये त्यासाठी सर्वांत कमी बोली पुण्याच्या भारत फोर्जची ठरली, आणि त्या कार्बाइनच्या आराखड्यात पुन्हा एआरडीईच आहे. जिला ‘कमजोर’ म्हणून रायफलीतून काढलं, ती त्याहून आखूड नळीच्या कार्बाइनमधून परत येते आहे. लहान नळी म्हणजे कमी वेग, हे वर आलंच आहे. पन्नास-शंभर मीटरपर्यंत याने फारसं बिघडत नाही, म्हणून हा निर्णय पटण्यासारखा आहे. फक्त मग ‘५.५६ ने काही होत नाही’ हे वाक्य लष्कराच्याच खरेदीशी जुळत नाही.

जॅकेटने खेळ बदलला

आता या सगळ्यावर नवा ताण आलाय तो बुलेटप्रूफ जॅकेटचा. गोळीच्या आत शिशाऐवजी कडक पोलाद असेल तर साधं जॅकेट पुरत नाही. डिसेंबर २०१७ च्या अखेरीस पुलवामातल्या लेथपोरा इथे सीआरपीएफच्या तळावर हल्ला झाला, त्यानंतर अशा पोलादी गोळ्यांची चर्चा भारतात जोरात सुरू झाली. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या तंत्रज्ञानातून तयार झालेलं ‘भाभा कवच’ एकेच्या कडक पोलादी गोळीचा विचार करूनच बनवलं आहे. इथेही लक्षात घ्यायची गोष्ट ही की हल्लेखोरांनी काडतूस बदललं नव्हतं. तेच ७.६२ × ३९, फक्त गोळीचा गाभा वेगळा.

अमेरिकेने मात्र काडतूसच बदललं. अफगाणिस्तानात दूरच्या डोंगरावरून होणारा मशीनगनचा मारा आणि चीन-रशियाकडची नवी कवचं डोळ्यांसमोर ठेवून २०२२ मध्ये त्यांनी ६.८ × ५१ हे नवं काडतूस आणि त्यावरची रायफल निवडली. ती आता एम-७ नावाने ओळखली जाते. या काडतुसातला दाब इतका जास्त की नुसती पितळी पुंगळी टिकत नाही, तळाला पोलाद लावावं लागतं. पण मॅगझीनमध्ये ३० ऐवजी २० गोळ्या. आधी अमेरिकी सैनिक सात मॅगझीनमध्ये २१० गोळ्या घेऊन निघायचा, आता तितक्याच मॅगझीनमध्ये १४०. यावरून खुद्द अमेरिकी लष्करातच टीका सुरू आहे: सत्तर गोळ्या कमी घेऊन जाणारा सैनिक त्या चकमकीत तेवढ्या वेळ टिकणार का?

हिचमन यांच्या अहवालातला प्रश्न सत्तर वर्षांनी पुन्हा त्याच टेबलावर आला आहे. भारतात तो तितक्या उघडपणे चर्चेला येत नाही. इथे रायफल आली की किंमत, कोणत्या देशाची, ‘मेक इन इंडिया’ आहे की नाही, एवढ्यावर बातमी संपते. सिग ७१६ वापरणाऱ्या पलटणीतला जवान नेहमीच्या गस्तीला किती गोळ्या घेऊन निघतो आणि इन्सासच्या काळात किती घेऊन निघायचा, हा आकडा बातमीत क्वचितच असतो. पुढच्या वेळी नव्या रायफलीचा व्हिडिओ समोर आला, तर ७.६२ च्या पुढचा दुसरा आकडा आणि हा तिसरा आकडा शोधून बघायला हरकत नाही.